जन्म, व्यवसाय आणि मत : भंडाऱ्याच्या निवडणूक-खटल्याचे एक वाचन

आमच्या विद्यापीठांतून एखाद्या राजकीय पुरुषावर अथवा विचारवंत लेखकावर जे प्रबंध लिहिले जातात, त्यांतील पहिल्या प्रकरणाचे नाव बहुधा ठरलेले असते : ‘जीवन आणि पार्श्वभूमी’. जन्मगाव, जात, वडिलांचा व्यवसाय, शाळा, विवाह, तुरुंगवास ही सर्व सामग्री त्या प्रकरणात कोठारासारखी भरून ठेवलेली असते. पुढील प्रकरणांत त्या व्यक्तीची मते येऊ लागली, की प्रबंधकार मधूनमधून मागे वळून त्या कोठारातील एखादी वस्तू उचलतो आणि म्हणतो, ‘म्हणूनच’. अमुक घरात जन्मले, म्हणूनच अमुक मताचे झाले. ह्या ‘म्हणूनच’विषयी प्रस्तुत लेखकाला काही म्हणावयाचे आहे.

ह्याच्या उलट टोकाला एक दुसरे मत आहे. मताचा विचार मत म्हणूनच करावा, ते कोणाचे आहे ह्याची चौकशी करू नये, असे ते मत सांगते. ऐकावयास ते मोठे उदार वाटते. परंतु ज्याला स्वतःचे आडनाव सांगताना कधी क्षणभर थांबावे लागले नाही, त्याच्याच तोंडी ते विशेषेकरून आढळते, हे ध्यानात घ्यावयास हवे. आपल्याकडे नाव सांगितल्यावर समोरचा माणूस थोडा वेळ वाट पाहतो आणि मग ‘पूर्ण नाव?’ असे विचारतो. अशा समाजात पार्श्वभूमी हा विषय टाळून राजकीय मतांचे विवेचन होऊ शकत नाही. प्रश्न एवढाच, की पार्श्वभूमी मताला घडविते म्हणजे नेमके काय करते, आणि पार्श्वभूमी ही वस्तू तरी कोण ठरवितो?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास एक साधन भंडारा जिल्ह्याने आपल्याला दिले आहे. ते कोणतेही चरित्र अथवा आत्मचरित्र नसून सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे : ‘चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी विरुद्ध मोरेश्वर परशराम’, फेब्रुवारी १९५४. कायद्याचे विद्यार्थी तो सरकारी करारांच्या संदर्भात वाचतात, आणि इतर कोणी तो वाचीत नाही. वस्तुतः जन्म, व्यवसाय व श्रद्धा ह्यांचा माणसाच्या राजकीय स्थानाशी कोणता संबंध मानावयाचा, ह्याविषयीचे एक अत्यंत विचारप्रवर्तक गद्य म्हणून तो वाचता येतो, आणि येथे तो तसाच वाचावयाचा आहे.

प्रसंग थोडक्यात असा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही १९९९ पर्यंत त्यातच सामावलेला होता. भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव, मतदार मात्र सर्व एकच. प्रत्येकाला दोन मते असत व ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. १९५२ साली येथून काँग्रेसचे चतुर्भुज जसाणी सर्वसाधारण जागेवर आणि तुलाराम साखरे राखीव जागेवर निवडून आले. ह्या निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला, प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शेवटी संपूर्ण निवडणूक रद्द ठरली. दोन्ही जागा मोकळ्या झाल्या. मे १९५४ मध्ये जी पोटनिवडणूक झाली तिच्यात राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले व पराभूत झाले. ती पोटनिवडणूक सर्वांच्या स्मरणात आहे, परंतु ती का झाली हे सहसा कोणी सांगत नाही.

ती दोन कारणांनी झाली, आणि ती दोन्ही कारणे ‘पार्श्वभूमी’चीच होती.

पहिले कारण जसाणी ह्यांच्या व्यवसायाचे. गोंदियाच्या ‘मूलजी सिक्का आणि कंपनी’ ह्या विडी-व्यवसायातील पेढीचे ते भागीदार होते. भंडाऱ्याच्या जंगलांतील तेंदूपत्ता, त्यावर उभे राहिलेले विडीचे कारखाने आणि घरोघरी विड्या वळणारी माणसे हे त्या भागाच्या अर्थव्यवहाराचे मोठे अंग होते. ह्या पेढीचा लष्करी उपाहारगृहांना विड्या पुरविण्याविषयी केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांशी करार झालेला होता. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याप्रमाणे सरकारला माल पुरविण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला संसदेचे सदस्य होता येत नसे. करार राज्यघटनेने सांगितलेल्या विधिवत् स्वरूपात झालेला नाही, सबब तो करारच नव्हे, असा बचाव करण्यात आला. न्यायालयाने तो मानला नाही. स्वरूपात उणीव असली तरी हितसंबंध खराच आहे, असे त्याने ठरविले आणि जसाणी अपात्र ठरले.

येथे कायद्याची दृष्टी पाहण्याजोगी आहे. विड्यांच्या करारामुळे जसाणी ह्यांचे मत एखाद्या प्रश्नावर खरोखर बदलले असते काय, ह्याची चौकशी कोणीही केली नाही व करण्याची आवश्यकताही नव्हती. व्यवसायावरून माणसाचे मत अनुमानाने काढणे हे कायद्याचे काम नव्हे. तो एवढेच म्हणतो, की अशा स्थितीत मनावर ओझे येण्याचा संभव आहे, आणि तो संभवच पुरेसा आहे. आमच्या ‘म्हणूनच’वाल्या प्रबंधकारापेक्षा ही भूमिका कितीतरी सावध म्हणावी लागते. प्रबंधकार संभवावरून थेट निष्कर्षावर उडी घेतो. कायदा संभवापाशी थांबतो आणि त्या माणसाच्या अंतःकरणात डोकावण्याचे नाकारतो.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने तर त्याच्यापाशी अवश्य रेंगाळावे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे ह्यांनी अर्ज भरला होता. ते महार होते, परंतु त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारलेला होता. जातिभेद न मानणाऱ्या पंथात गेलेला मनुष्य महार राहत नाही, आणि महार नाही तर अनुसूचित जातीचा नाही, ह्या विचाराने त्यांचा अर्ज फेटाळण्यात आला. लीळाचरित्राचा अभ्यास करणाऱ्यांना ह्यातील उपरोध सांगावयास नको. तेराव्या शतकात चक्रधरांनी सोवळ्याओवळ्याची बंधने ज्या धैर्याने तोडली, त्या धैर्याचा वारसा विसाव्या शतकात एका महार गृहस्थाच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे आला. तुम्ही जात न मानणाऱ्यांत गेलात, तेव्हा जातीमुळे मिळणारी जागा तुमची नव्हे, असा हा युक्तिवाद. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो.

न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी तो मोडून काढला. धर्मशास्त्राच्या अंगाने ह्या प्रश्नाकडे पाहण्याचे त्यांनी नाकारले. पंथाच्या तत्त्वात जात बसते की नाही ह्याचा खल न करता, धर्मांतराचे सामाजिक व राजकीय परिणाम व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले पाहिजेत, असे त्यांनी म्हटले. त्यासाठी त्यांनी तीन गोष्टी विचारात घेतल्या. जुना समाज त्या माणसाकडे कसा पाहतो? त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय आहे? आणि नव्या संप्रदायाचे नियम काय सांगतात? जुन्या समाजाने त्याला बाहेर टाकले नसेल, त्यालाही बाहेर पडावयाचे नसेल आणि नवा पंथही त्याला तसे पडावयास लावीत नसेल, तर श्रद्धा बदलली तरी व्यवहारात तो आपल्या जुन्या समाजाचाच राहतो. ठवरे ह्यांचे विवाहादी व्यवहार महारांतच झाले होते, जातीने त्यांना परके मानले नव्हते. सबब ते महारच होते, त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला होता, आणि त्यामुळे सर्व निवडणूकच विफल झाली. बिचारे तुलाराम साखरे ! त्यांचा स्वतःचा काडीचाही दोष नसता त्यांची जागा गेली.

न्यायमूर्तींच्या स्वतःच्या पार्श्वभूमीचा उल्लेख येथे करावा की नाही, असा मोह व संकोच दोन्ही होतात. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस ह्यांचे ते नातू. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. महानुभाव गृहस्थ गावात कसा राहतो, वासनिक आणि संन्यासी ह्यांच्या आचारात अंतर किती असते, हे त्यांना ग्रंथांवरूनच माहीत करून घ्यावे लागले असेल असे वाटत नाही. परंतु ‘म्हणूनच त्यांनी असा निकाल दिला’ असे जर मी आता लिहिले, तर लेखाच्या प्रारंभी ज्या सवयीला मी नावे ठेवली, तीच मी करीत आहे असे वाचक म्हणतील आणि ते खरे असेल. नागपूरशी निकटचा परिचय असणारा दुसरा न्यायमूर्ती उलट निकाल देऊ शकला असता. परिचयाने त्यांना प्रश्न नीट दिसला असेल, उत्तर मात्र त्यांनी युक्तिवादाने मिळविले, आणि तो युक्तिवाद त्यांच्या वंशवृक्षाच्या आधारावाचून उभा राहतो.

ह्या निकालातून समीक्षेला काय घेता येईल? माझ्या मते एक महत्त्वाची गोष्ट. पार्श्वभूमी ही माणसाच्या मागे एकदाच उभी करून ठेवलेली भिंत नव्हे. तिला तीन बाजूंनी आधार लागतो. ज्या समाजातून मनुष्य आला तो समाज त्याला आपला म्हणत राहतो की नाही, त्या माणसाला स्वतःला त्या समाजाचे असावेसे वाटते की नाही, आणि तो ज्या नव्या संस्थेत, पक्षात वा पंथात शिरला तिला त्याचे जुने नाते चालते की नाही, ह्या तिन्हींवर पार्श्वभूमीचे बळ अवलंबून असते. ह्यांतील एक आधार जरी निसटला तरी तीच जात, तेच गाव, तीच गरिबी निराळे कार्य करू लागते. ‘जीवन आणि पार्श्वभूमी’ ह्या प्रकरणात आपण केवळ जन्माची नोंद करतो आणि हे तीन आधार तपासावयाचे विसरतो.

अर्थात न्यायालयापुढे प्रश्न होता तो ओळखीचा, मताचा नव्हे. ठवरे ह्यांचे राजकीय मत कोणते होते, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. तेव्हा ह्या तीन कसोट्यांवरून मतांची उपपत्ती लागेल असे मी म्हणत नाही. परंतु मतांची उपपत्ती लावण्यापूर्वी पार्श्वभूमी म्हणजे काय हे तरी नीट सांगा, एवढी मागणी त्यांच्या आधारे निश्चित करता येते.

ही मागणी प्रत्यक्ष उदाहरणांवर लावून पाहू. ज्यांचे नाव ह्या पोटनिवडणुकीशी कायमचे जोडले गेले, त्या डॉ. आंबेडकरांपासूनच आरंभ करणे योग्य होय. त्यांच्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे अनुभव त्यांनी स्वतःच एका लहानशा इंग्रजी आत्मकथनात लिहून ठेवले आहेत. लहानपणीचा कोरेगावचा बैलगाडीचा प्रवास, बडोद्यातील पारशी वसतिगृहातून झालेली हकालपट्टी, दौलताबादच्या किल्ल्यावरील तळ्याचा प्रसंग हे त्यात आहेत. त्या लेखनाचा एक विशेष फारसा कोणी सांगत नाही : त्यातून राजकीय मागणी निघत नाही. अनुभव सांगून लेखक थांबतो. आता त्यांच्या राजकीय मागण्यांचा क्रम पाहावा. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी स्वतंत्र प्रतिनिधित्वाची बाजू मांडली. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मिळाल्यास राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ चालतील असे सांगितले. गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागितले, १९३२ च्या पुणे कराराने संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा स्वीकारल्या, आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ह्या निवेदनात पुन्हा स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली. जन्म तोच, बडोदा तेच, दौलताबाद तेच. मागण्या मात्र बदलत गेल्या, कारण त्या अनुभवातून नव्हे तर परिस्थितीच्या हिशेबातून निघत होत्या. अनुभवाने त्यांना प्रश्न दिला आणि तो जन्मभर सुटू दिला नाही. उत्तर मात्र त्यांनी प्रत्येक वेळी नव्याने काढले.

इतकेच नव्हे, तर ‘जन्मावरून मत’ ह्या सूत्राचे सर्वांत कठोर टीकाकार डॉ. आंबेडकर स्वतःच होते. संयुक्त मतदारसंघातील राखीव जागेविषयी त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता, की तेथे अस्पृश्य जातीत जन्मलेला मनुष्य निवडून येईल, पण अस्पृश्यांचे मत निवडून येईलच असे नाही. काँग्रेसने व गांधींनी अस्पृश्यांचे काय केले, ह्याविषयीच्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला आहे. जन्म ही प्रतिनिधित्वाची आवश्यक अट असेल, पुरेशी अट नव्हे. भंडाऱ्यात त्यांना ह्या सिद्धान्ताची प्रचीती स्वतःच्या पराभवातून घ्यावी लागली हे इतिहासाचे क्रौर्य म्हणावे लागते.

ह्याच प्रांतातील त्यांच्या आधीच्या व समकालीन महार पुढाऱ्यांकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. नागपूरचे किसन फागूजी बनसोडे, अमरावतीकडील गणेश आकाजी गवई आणि गोंदियाचे कालीचरण नंदागवळी हे तिघेही एकाच जातीचे व जवळजवळ एकाच पिढीचे. बनसोड्यांनी चोखामेळ्याचे नाव पुढे ठेवून नागपुरात मुलींची शाळा काढली, गिरणी-कामगारांत काम केले, ‘मजूर पत्रिका’ व ‘चोखामेळा’ ही पत्रे चालविली. गवई प्रांतिक कायदेमंडळात गेले आणि १९३२ च्या राजा-मुंजे कराराच्या बाजूने, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध, उभे राहिले. नंदागवळींनी शिक्षणप्रसार आणि कायदेमंडळ ह्यांत आपले कार्य केले. जात ही एकच पार्श्वभूमी मानली तर ह्या तिघांच्या मतांतील अंतर केवळ स्वभावभेदावर अथवा, आमच्या वादांत नेहमी होते त्याप्रमाणे, ‘विकले गेले’ ह्या आरोपावर ढकलावे लागते. न्यायमूर्ती बोसांची तिसरी कसोटी लावली तर काही उलगडा होतो. हे लोक ज्या नव्या संस्थांत शिरले, त्या संस्थांनी त्यांच्याकडून वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या. हिंदुसभेला गवईंचे महार असणे हवे होते, पण हिंदूंपासून वेगळे असणे नको होते. कामगार-वस्तीला बनसोड्यांची भजने आणि मजुरीचा प्रश्न दोन्ही एकाच वेळी हवे होते.

येथे अर्थव्यवहाराचा एक धागा सोडून चालणार नाही. विदर्भातील महारांची स्थिती देशावरील महारांपेक्षा काही अंशी निराळी होती. येथील बरेच महार जाडेभरडे कापड विणीत, बाजारात विकीत. पुढे नागपूरच्या एम्प्रेस गिरणीने, जी १८७७ मध्ये सुरू झाली, त्यांना कामास घेतले. गावच्या बलुत्यावरच सर्वस्वी अवलंबून राहण्याची पाळी सर्वांवर नव्हती. ज्याच्या भाकरीची किल्ली पाटलाच्या हाती नाही तो सभेला जाऊ शकतो. नागपूर ही आंबेडकरी चळवळीची एक राजधानी का झाली, १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरात का झाली आणि १९५४ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई सोडून भंडाऱ्यात उभे राहणे का पसंत केले, ह्या प्रश्नांच्या उत्तरांत हा धागा कोठेतरी आहेच. परंतु मागावर बसलेला प्रत्येक महार फेडरेशनवादी झाला नाही, हेही विसरता कामा नये. मागाने सवड दिली, मत दिले नाही.

मत कोठे मिळते? ह्या दृष्टीने वसंत मून ह्यांचे ‘वस्ती’ हे १९९५ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन फार उपयुक्त आहे, आणि दलित आत्मकथनांच्या चर्चेत त्याला मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही असे माझे मत आहे. ह्या आत्मकथनाला लेखकाने स्वतःचे अथवा जातीचे नाव दिले नाही, वस्तीचे दिले. नागपुरातील सीताबर्डीचा महारपुरा हा त्याचा खरा नायक. गरिबी आहे, आईचे कष्ट आहेत, परंतु त्यांच्या बरोबरीने आखाडा आहे, समता सैनिक दल आहे, सभा आहेत, गाणी आहेत. जातीचे रूपांतर राजकीय मतात होते ते ह्या मधल्या जागेत. बलुत्याची व अपमानाची वर्णने करणाऱ्या अनेक आत्मकथनांत वाचकाला दुःख मिळते, पण लेखक राजकीय दृष्ट्या असा का झाला हे कळत नाही. ‘वस्ती’त ते कळते. समीक्षकांनी त्यात करुणरस कमी आहे अशी तक्रार केली तर ती त्यांच्या अपेक्षांची तक्रार होय, पुस्तकाची नव्हे.

आता त्याच पोटनिवडणुकीतील दुसऱ्या नावाकडे वळू. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. त्यांचा जन्म १९११ चा, भावनगरचा. गुजराती साहित्य परिषदेचे प्रवर्तक लेखक रणजितराम मेहता हे त्यांचे वडील. भंडाऱ्याशी त्यांचे जन्माचे नाते नव्हते. आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्याच मध्य प्रदेश राज्यातील बैतुल येथे भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकीय अपरिहार्यता मांडून त्यांनी काँग्रेसशी सहकार्याचा विचार सुचविला होता आणि पक्षात मोठे वादळ उठविले होते. पुढे १९६३ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, काँग्रेसमध्ये गेले, केंद्रीय मंत्री झाले, आणि १९६८ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांच्या चरित्राचे पहिले प्रकरण ह्या सर्व काळात एका अक्षरानेही बदलले नव्हते. साहित्यिकाच्या घरातील बालपण हे समाजवादाचेही कारण आणि समाजवादी पक्ष सोडण्याचेही कारण असे जर सांगितले जाणार असेल, तर त्या कारणाने काहीच सांगितले नाही असे समजावे. ह्याउलट बैतुलचा युक्तिवाद वाचला तर पुढील वाटचालीची दिशा त्यात बरीचशी दिसते.

राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. डॉ. आंबेडकरांचा पराभव आठ हजारांहून अधिक मतांनी झाला. दोन वर्षांपूर्वी मुंबईत नारायण काजरोळकर ह्यांनी त्यांना चौदा हजारांहून अधिक मतांनी हरविले होते. ह्या निकालांचे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे जातीच्या बेरजेने दिले जाते : महारांची मते बाबासाहेबांना, इतरांची काँग्रेसला. ह्या बेरजेत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु द्विसदस्य पद्धतीत एकच मतदार दोन मते देत होता, आणि त्याच मतदारसंघाने एका जागेवर काँग्रेसला नाकारून दुसऱ्या जागेवर तिला स्वीकारले. काही मतदारांनी एका हाताने विरोधी पक्षाला आणि दुसऱ्या हाताने काँग्रेसला मत दिल्यावाचून हे घडणे कठीण. त्या मतदाराची पार्श्वभूमी दोन मतांच्या मध्ये बदलली नव्हती. बदलला होता तो समोरचा प्रश्न. गुजरातेत जन्मलेला समाजवादी त्याला चालला, घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष चालला नाही, आणि का चालला नाही ह्याचे उत्तर त्याच्या जन्मात जितके आहे तितकेच डॉ. आंबेडकरांच्या जन्माकडे तो कोणत्या नजरेने पाहत होता ह्यात आहे. पार्श्वभूमीचा प्रश्न नेहमी उमेदवाराला विचारला जातो. तो मतदाराला, आणि विशेषतः ज्याला आपल्याला पार्श्वभूमी आहे हेच ठाऊक नसते अशा मतदाराला, विचारला जात नाही.

दुसरे मत कोणालाच देऊ नये, वाया घालवावे, म्हणजे विजय सोपा होईल, असा सल्ला बाबासाहेबांना कार्यकर्त्यांनी दिला व त्यांनी तो धुडकावला, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. आठवणीचे मोल चळवळीला आपला नेता कसा लक्षात ठेवावासा वाटतो ह्यात असते. येथे तिला अस्पृश्य म्हणून छळलेला मनुष्य नव्हे, तर स्वतःच्या हाताने घडविलेल्या नियमाला बांधून घेणारा मनुष्य लक्षात ठेवावासा वाटला. १९५५ मध्ये फेडरेशनने कायदेमंडळांतील राखीव जागाच नकोत असा ठराव केला. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.

परंतु ठवरे ह्यांचा प्रश्न संपला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी महारांनी बौद्ध धर्म स्वीकारला, आणि एका माणसाच्या अर्जापुरता जो वाद होता तो एका समाजाचा झाला. ‘पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम’ ह्या १९६० च्या दशकातील खटल्यात, विदर्भातल्याच एका राखीव जागेविषयी, सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेचा निर्णय दिला. उघडपणे बौद्ध झाल्याचे जाहीर करणारा मनुष्य हिंदू राहिला नाही, आणि त्या वेळच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू व शीख ह्यांवाचून इतरांना अनुसूचित जातीचे मानता येत नव्हते. दोन्ही निकालांत विसंगती आहे असे मला वाटत नाही. ठवरे ह्यांना जुने नाते तोडावयाचे नव्हते, दीक्षाभूमीवर जमलेल्यांना ते तोडावयाचेच होते, आणि बावीस प्रतिज्ञांनी ते शब्दशः तोडले. दुसऱ्या कसोटीवरच, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या हेतूवर, दोन्ही प्रसंग वेगळे होतात. अडचण होती ती पहिल्या कसोटीची. ज्याने नाते तोडले त्याला गावाने मोकळे केले होते काय? विहिरीवर, चहाच्या दुकानात, भाड्याच्या खोलीसाठी गेल्यावर त्याला बौद्ध म्हणून वागविले जात होते की जुन्याच नावाने? १९९० मध्ये केंद्राने बौद्धांचा समावेश केला तेव्हा ह्या प्रश्नाचे उत्तर एक प्रकारे कबूल केले गेले, परंतु मधली चौतीस वर्षे दोन्ही बाजूंनी गेलेली होती. ज्यांनी पार्श्वभूमी टाकली त्यांना तिचे लाभ गेले आणि तिचे भोग राहिले.

‘तुझे मत हे तुझ्या जातीचे मत आहे’ असे म्हणणाऱ्याला ह्या चौतीस वर्षांत वाढलेल्या पिढीने काय उत्तर द्यावयाचे? मत जातीचे मानावे तर जात कागदावर उरलेली नाही. मत स्वतःचे म्हणावे तर ऐकणारा आडनाव विचारतो. ह्या पिढीच्या आत्मकथनांवर काम करणारे विद्यार्थी आमच्या विभागात दरवर्षी येतात. त्यांनी पहिले प्रकरण लिहू नये असे माझे म्हणणे नाही. ते त्यांनी शेवटी लिहावे. लेखकाची मते आधी वाचावीत, ती कोणत्या सभेत, कोणत्या वादात, कोणाला उत्तर म्हणून मांडली गेली ते पाहावे, त्याच पार्श्वभूमीच्या निदान एका भिन्न मताच्या माणसाशी त्यांची तुलना करावी, आणि मगच जन्मगावाकडे जावे.

जसाणी खटल्यातील त्या तीन कसोट्या पुढे अनेक निकालांत उद्धृत झाल्या. तामिळनाडू, कर्नाटक, केरळ येथील धर्मांतरितांच्या जातीचे वाद त्यांच्या आधाराने सुटले अथवा लांबले. ‘आरुमुगम विरुद्ध राजगोपाल’ ह्या निकालात ख्रिस्ती झालेल्या व पुन्हा हिंदू झालेल्या उमेदवाराच्या संदर्भात भंडाऱ्याचा हा खटला वाचावयास मिळतो. भंडारा-गोंदिया हा आज सर्वसाधारण मतदारसंघ असून राखीव जागा तेथे उरलेली नाही.